लंडनमधली मंगळस्वारी : जाणार असाल तर आधी हे वाचा

जेफ वेनचा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे मंगळवाले इंग्लंडवर चाल करून येतात त्या गोष्टीचा गाण्यांचा अल्बम, मी पहिल्यांदा ऐकला तो सांगलीत, लाइट गेलेले, दादाचा सेलवरचा टेप आणि त्यात त्याच्या मित्राची घासलेली कॅसेट. त्यातली मंगळवाल्यांची ती 'उल्ला' अशी आरोळी ऐकून मी त्या रात्री एकटा मोरीत जायला तयार नव्हतो. त्यामुळे १९७८ च्या त्या अल्बमवर लंडनमध्ये शो आहे आणि तो खुर्चीत बसून बघायचा नाही तर आपण त्यातून चालत जायचं, हे कळल्यावर तिकीट काढणं आलंच.

पत्ता ५६ लेडनहॉल स्ट्रीट, ऑल्डगेट स्टेशनवरून चालत जवळ. बाराएक जणांचा घोळका करून सोडतात, मधला बारमधला ब्रेक धरून दोन तास जातात. कधी खरे नट अंगावर ओरडत येतात, कधी डोक्याला व्हीआरचा डबा, म्हणजे डोळ्यांसमोर खोटं जग उभं करणारा हेडसेट. बोटीचा सीन एक नंबर. सगळे दाटीवाटीनं बसलोय, बूड हलतंय, शेजारच्या आजींनी माझा दंडच धरला, आणि अल्बममधलं 'थंडर चाइल्ड' या युद्धनौकेवरचं गाणं पाठ असेल तर आता काय होणार ते आधीच कळतं आणि पोटात गोळा येतो. माझ्याबरोबरच्या मित्रानं अल्बम ऐकलाच नव्हता, त्याला ती नुसती जत्रेतली राइड वाटली. म्हणून सांगतो, आदल्या दिवशी अख्खा अल्बम एका बैठकीत ऐका, दीड-दोन तास लागतील, पण नाहीतर अर्धे पैसे पाण्यात (आणि तिकीट स्वस्त नाहीये).

चष्मेवाल्यांनो, जमलं तर कॉन्टॅक्ट लेन्स. मी मोठ्या फ्रेमचा चष्मा घालून गेलो, हेडसेटमध्ये काचांवर वाफ धरली आणि एक सीन निम्मा धुक्यातच गेला, चूक माझीच. गाडी लागणाऱ्यांनी आधी भरपेट खाऊ नका. थंडीतला जाड कोट अंगावर ठेवाल तर आत घामाघूम व्हाल. अंधार आणि दचकवणं बरंच आहे, लहान पोरांना नेऊ नका, शो अजून चालू आहे का आणि वयाची अट काय, ते बुकिंग करताना बघून घ्या.

एक दिवस जास्तीचा असेल तर लंडनजवळच्या वोकिंग गावाला जाच, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेननं अर्ध्या तासाच्या आसपास. अल्बम ज्यावरून केलाय त्या एच. जी. वेल्सच्या मूळ कादंबरीत मंगळवाले उतरतात ते तिथल्याच हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर. गावात मंगळवाल्यांचं सात मीटर उंच तीन पायांचं स्टीलचं यंत्र उभं केलंय, बायाबापड्या त्याच्या खालून भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत चाललेल्या असतात. फोटो दादाला पाठवला तर त्याचं उत्तर, "ती कॅसेट तूच हरवलीस ना?"

मंगळवाले उतरतात तो कॉमनवरचा वाळूचा खड्डा वोकिंग स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे, पण पाऊस पडून गेला असेल तर चांगले बूट घाला, माझे पांढरे होते.