अख्खी स्तोत्रसंहिता क्रमाने प्रार्थनेत घेतली, त्याचा माझा अनुभव

स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक. त्यातलं २३वं स्तोत्र आपल्याकडे संडे स्कूलपासून पाठ असतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", मग ९१, १०३, १२१ ही ठरलेली, पण स्तोत्रं आहेत १५० आणि बाकीची तोंडात कधी येतच नाहीत. पप्पा आजारी होते तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, निवडू नकोस, पहिल्यापासून घे आणि नुसती वाचू नकोस, देवासमोर म्हण. तेव्हापासून मी म्हणतेय.

वाटणी मी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) प्रार्थनापुस्तकातली धरली, ती कित्येक शतकं चालत आलेली आहे. महिन्याच्या तारखेप्रमाणे सकाळ-संध्याकाळ, म्हणजे १ तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८ असं करत ३० तारखेला १५० पूर्ण. एखादा दिवस राहिला तर मागचं भरत बसायचं नाही, आजची तारीख बघायची आणि सुरू करायचं, घरात पेशंट असताना मला याचा फार आधार वाटला. १५ तारखेच्या संध्याकाळी एकटं ७८वं येतं, ७२ वचनांचं (म्हणजे श्लोकांचं), त्या दिवशी वेळ काढूनच बसायचं. आणि १७६ वचनांचं ११९वं तर २४च्या संध्याकाळपासून २६च्या संध्याकाळपर्यंत पुरतं.

मोठ्याने म्हणा हे मी सगळ्यांना सांगते. बहुतेक वचनांचे दोन भाग असतात, पहिल्यात सांगितलेलं दुसऱ्यात वेगळ्या शब्दांत परत येतं किंवा पुढे जातं, तर मध्ये एक श्वास थांबायचं, मनात घाई असेल तर ती तिथेच कमी होते. अभ्यासासाठी मी रविवारी एकच स्तोत्र घेते आणि वहीत लिहिते की कोण बोलतंय, कोणाशी, आणि सूर कुठे बदलतो. १३वं बघा, सहाच वचनं, सुरुवातीला चारदा 'कुठवर' विचारलंय आणि शेवटी गाणं गायलंय. ७३व्यात स्तोत्रकार आसाफ दुष्टांचं बरं चाललेलं बघून जळतो, आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर १७व्या वचनापासून त्याचं बघणंच बदलतं.

पण ८८वं तसं नाही. ते अंधारातच संपतं, पुढे एकही आशेची ओळ नाही. १७ तारखेच्या सकाळी ते आलं तेव्हा पप्पा आयसीयूत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की असं बोललेलं देवाला चालतं, विश्वास कमी म्हणून नाही, विश्वास आहे म्हणूनच माणूस त्यालाच हाका मारतो. आपल्या प्रभू येशूनेसुद्धा वधस्तंभावर २२व्या स्तोत्राचेच शब्द घेतले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

मनासारखं स्तोत्र रोज येत नाही, आणि मला वाटतं क्रमाने घेण्याचा खरा फायदा हाच आहे. मी रडत असते आणि समोर ९८ येतं, नवं गीत गा म्हणून, किंवा घरात आनंद असतो आणि ८८ येतं. मग ते मी दुसऱ्या कोणासाठी तरी म्हणते, चर्चच्या मंडळीतली एखादी विधवा बहीण, कोर्टात अडकलेला एखादा भाऊ, त्यांची नावं वहीत स्तोत्राच्या नंबरापुढे लिहिलेली असतात. १०९वं आणि १३७चा शेवट फार कठीण आहे, शत्रूचं वाईट व्हावं असं त्यांत मागितलंय, १३७मधला तर कैद करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या लोकांचा संताप आहे, बरेचजण तेवढं गाळतात, मी गाळत नाही कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूड हातात न घेता देवापुढे ठेवला हे मला खूप मोठं वाटतं.

सुरू करणाऱ्यांसाठी, ३१ तारीख असेल तर ३०चीच स्तोत्रं परत म्हणायची, म्हणजे संध्याकाळची १४७ ते १५० ही स्तुतीची दोनदा होतात. फेब्रुवारीत मात्र २८ किंवा २९लाच थांबावं लागतं, म्हणून शेवटच्या रात्री मी १५०वं वेगळं म्हणते.