पूर्ण भूल की कमरेतली?

आज पहिलीच केस खुब्याच्या हाडाची. आजी ऐंशीच्या पुढच्या, जुनी अँजिओप्लास्टी, रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन चालू. ओटीच्या दाराशी मुलाने गाठलंच. "डॉक्टर, पूर्ण भूल नको हो, हार्टला झेपायची नाही. कमरेतच द्या." हे वाक्य आम्हा भूलतज्ज्ञांना पाठ झालंय. आमच्यातलेही बरेचजण मनातून तेच मानतात.

दिली कमरेतच, पण ती छातीतल्या कफामुळे. कुशीवर वळताना कळ येऊ नये म्हणून आधी जांघेत ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, दिला. मग कमरेत हेवी, म्हणजे बधिर करणारं जड औषध, जेमतेम दीड मिली. तरी पाच मिनिटांत वरचं बीपी १५८ वरून ८४! कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्त तिथेच साचतं आणि हृदयाच्या आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना, म्हणजे कोरोनरींना, पुरेसं पोचत नाही. बीपी चढवणारं फेनिलएफ्रिन ५० मायक्रोग्रॅम, मग परत ५०, तेव्हा कुठे आकडा वर सरकला. पूर्ण भुलेच्या प्रोपोफॉलनेही बीपी असंच पडलं असतं. पडू द्यायचं नाही, पडलंच तर लगेच उचलायचं, माझं काम एवढंच. नातेवाइकांना मात्र फक्त सुई कुठे टोचली ते दिसतं.

अमेरिका-कॅनडातल्या रीगेन चाचणीत खुबा मोडलेले १६०० रुग्ण होते. साठ दिवसांत दगावलेले किंवा दुसऱ्याच्या आधाराशिवाय दहा फूटही चालू न शकलेले मोजले, तर कमरेतल्या भुलेत १८.५ टक्के, पूर्ण भुलेत १८. म्हणजे फरक नाहीच. २०२१ साली हे छापून आलं, तरी वाद चालूच आहे.

मला खरी धास्ती ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांची वाटते. व्हिजन अभ्यासात हृदयाचं सोडून दुसरं ऑपरेशन झालेल्या, पंचेचाळिशीपुढच्या पंधरा हजारांवर रुग्णांचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) तपासलं. शंभरातल्या आठांच्या हृदयाला इजा झालेली, आणि त्यातल्या ८४ टक्क्यांना ना छातीत दुखलं, ना धाप लागली. वेदनाशामक चालू असताना दुखणार तरी कसं? त्या इजा झालेल्यांतले जवळपास दहा टक्के महिन्याभरात गेले.

म्हणून संध्याकाळी ट्रोपोनिन लिहिलं. मुलगा म्हणाला, "आई तर मजेत चहा पितेय, मग परत रक्त कशाला?" सर्जन म्हणाले, पॅकेजमध्ये बसत नाही. मुलाला समजावलं, त्याला पटलं. सर्जनशी उद्या राउंडला परत भांडेन. वाढलेलं निघालं तर फिजिशियनला बोलवायचं, हिमोग्लोबिन बघायचं, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू आहे का विचारायचं. आणि हो, बीपी परत पडू नये म्हणून बीपीची सकाळची गोळी सिस्टरने सवयीने देऊ नये, हे केसपेपरवर लाल पेनाने लिहून आलोय.