पीसीसी: मुंढवा सोपं, क्लार्क्सबर्ग अवघड

कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याचा परवाना) भारत आणि अमेरिका, दोन्हीकडचे पीसीसी, म्हणजे गुन्हे नोंद नसल्याचे पोलीस दाखले, जोडायचे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. वयाच्या अठराव्या वर्षानंतर, गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. एक्सप्रेस एंट्री या कॅनडाच्या पीआर योजनेतून अर्ज करायचं इन्व्हिटेशन आलं की हातात ६० दिवस असतात. म्हणून अमेरिकेचं काम आधी काढा. इन्व्हिटेशनची वाट बघत बसू नका.

भारतातला दाखला पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, फी ५०० रुपये. पुण्यातल्या मुंढव्याच्या केंद्रात टोकन घेतलं, कागद दाखवले, बाहेर आलो. पुढे पोलीस पडताळणी. पोलिसांकडून मिळणारा नोकरीसाठीचा चारित्र्य दाखला वेगळा, तो इथे काढत बसू नका.

खरा ताप अमेरिकेच्या दाखल्याचा, तो एफबीआय ही तिथली केंद्रीय तपास संस्था देते. एका कन्सल्टंटने छातीठोकपणे सांगितलं, "चॅनेलरकडून (एफबीआयने मान्यता दिलेली खासगी कंपनी) झटपट करून देतो," आणि वर भरभक्कम रक्कम मागितली. हे साफ खोटं आहे. चॅनेलरची सोय फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहून परत आलेल्या माणसाला ती मिळतच नाही. एफबीआयची स्वतःची फी फक्त १८ डॉलर आहे. या कामासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका. मला अजून संताप येतो.

करायचं असं: एफबीआयच्या साइटवर अर्ज भरा, पैसे भरा, आलेल्या ईमेलची प्रिंट काढा. एफडी-११६४ हा बोटांच्या ठशांचा फॉर्म साध्या पांढऱ्या कागदावर छापला तरी चालतो. त्यावर शाईने ठसे घ्यायचे आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला कुरिअर करायचं.

ठसे घेणारा माणूस बघून निवडा. आमच्याकडे एकाने अंगठा नुसता शिक्क्यासारखा दाबला. तसं चालत नाही. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच झोकात फिरवायचं, रेषा सुट्या दिसल्या पाहिजेत. शाई जास्त झाली की मधला भाग काळा ठिक्कर पडतो आणि तो ठसा वाया जातो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. घाम येणाऱ्यांनी प्रत्येक बोटाआधी रुमालाने पुसावं. एकाच पाकिटात तीन-चार वेगवेगळे संच पाठवा, एफबीआय स्वतःच तसं सुचवते. ठसे नाकारले गेले तर पुन्हा ठसे घेऊन पाठवावे लागतात, आणि ते ६० दिवस कुणासाठी थांबत नाहीत.

ऑनलाइन अर्ज केला असेल तर निकाल ईमेलवरच येतो. माझा आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, घरातल्यांना उठवून दाखवला. लिंक उघडली की पीडीएफ लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. कॅनडासाठी त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागत नाही. त्याचेही पैसे मागणारे भेटतील, सरळ नाही म्हणा.