नंबर लागला, पण...

जुलै 2024. शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या मोफत जागांची, लॉटरी आत्ता कुठे बाहेर आली होती. नाशिकमध्ये सातपूरकडच्या कागदपत्रं पडताळणी केंद्रावर माझी ड्यूटी लागली. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. म्हणजे आमच्याच वस्तीतली पोरं खासगी शाळेत जायला पात्र आहेत, यावर सही करायला मलाच बसवलेलं!

त्या वर्षीचा घोळ आठवत असेल. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्के राखीव जागांतून सूट. एप्रिलमध्ये पालकांनी पोर्टल उघडलं तर यादीत बहुतेक आमच्याच शाळा. जिथे चालत जाऊन नाव घालता येतं, तिथे कोण लॉटरी लावेल? मेमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, अर्ज नव्याने भरले गेले आणि 19 जुलैला तो बदलच रद्द झाला.

दुपारी एक ताई आल्या. नवरा अंबडला ठेकेदाराकडे. कागद चोख. उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला, भाडेकरारही रजिस्टर केलेला. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मुलाचा नंबर गंगापूर रोडकडच्या इंग्रजी शाळेत लागला होता. मी शिक्का उचलला तशा त्या म्हणाल्या, "थांबा मॅडम. आठवीनंतर काय?"

"आठवीपर्यंत शासन भरतं. नववीपासून फी तुमची."

"तेच. माझ्या जावेची पोरगी नववीत काढावी लागली तिथून. वर्षभर धड बोलत नव्हती कोणाशी."

शेजारच्या टेबलवरचे सर व्हाउचरचे कट्टर समर्थक. पैसे शाळेला न देता पालकाच्या हाती द्या, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रीडमनने 1955 मध्येच मांडलं होतं, हे त्यांचं पालुपद. ते म्हणाले, "ताई, आठ वर्षं फुकट मिळतायत, सोडू नका." फुकट म्हणजे तेव्हा मुलामागे वर्षाला 17,670 रुपये, तेही शासनाकडून परस्पर शाळेला. ते थकतात म्हणून संस्थाचालकांची ओरड. व्हॅनचे, गॅदरिंगच्या कपड्यांचे पैसे यात कुठेच नाहीत. सरांच्या व्हाउचरमध्येही ते धरलेले मी ऐकले नाहीत.

मी गप्प बसले. घ्या म्हटलं तर आमचा पट घटतो, आणि पटावरच शिक्षकांची पदं ठरतात. नको म्हटलं तर माझाच स्वार्थ.

त्यांनी नकार लिहून दिला.

"मुलगा सध्या कुठे जातो?"

"तुमच्याच शाळेत. पहिलीत, जूनपासून." माझा चेहरा खुलला असावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तुमची शाळा चांगली म्हणून नाही हं मॅडम. पुढे अनुदानित हायस्कूल आहे, फीमुळे काढायची वेळ येणार नाही, म्हणून. पण पहिलीच्या बाई दिसत नाहीत हल्ली?"

"मतदार यादीच्या कामाला लागल्यात."

"मग पोरांना शिकवतं कोण?"

"दुसरीच्या वर्गात बसवतो."

त्यांनी टेबलावरचा नकाराचा कागद उचलला. "मुदत 31 पर्यंत आहे ना? ह्यांना विचारून येते."

30 तारखेला आल्या, शिक्का घेऊन गेल्या. सर खूश. मी संध्याकाळी मुख्याध्यापकांना फोन करून पहिलीसाठी बदली शिक्षक मागितला. ते म्हणाले, लेखी द्या.