रनचा डबा : नवव्या आठवड्याचा हिशोब

मागच्या वेळी फुशारकी मारली होती की रनची 112 कार्डं झाली आणि डबा भरत आला. आता 83 आहेत. हो, कमी झाली, आणि तरी काम पुढे सरकलंय असं मला वाटतंय, कसं ते सांगतो.

नवीन मंडळींसाठी पटकन: ‘रन’ या एकाच इंग्रजी क्रियापदाचे अर्थ गोळा करतोय, जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, एका कार्डावर एक अर्थ आणि खाली ऐकलेलं वाक्य, सगळं काजूकतलीच्या डब्यात. ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक जेम्स मरे यांच्याकडे जगभरातून शब्दांच्या इतक्या चिठ्ठ्या यायच्या की पोस्टाने त्यांच्या घरासमोर टपालपेटी बसवून दिली, आमच्याकडे घरातून रोज एकच प्रश्न येतो, हे रद्दीत घालू का. त्या डिक्शनरीत आधी ‘सेट’चं राज्य होतं, 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सेट क्रियापदाचे 430 अर्थ आणि नोंद सुमारे 60,000 शब्दांची. मग रनची नोंद नव्याने झाली तेव्हा तिथले संपादक पीटर गिलिव्हर यांनी एकट्या रनवर नऊ महिने घालवले आणि 645 अर्थ निघाले. त्यांचे नऊ महिने, माझे नऊ आठवडे, त्यामुळे माझ्या 83ला कोणी हसू नका.

आता चूक. माझा नियम असा होता की मराठीत वेगळं क्रियापद लागलं की नवीन कार्ड. सोपा वाटला, पण परवा रात्री सगळी कार्डं पलंगावर पसरली तेव्हा दिसलं की नाक गळतं, नळ चालू राहतो, कपड्याचा रंग जातो, शाई पसरते, मेणबत्ती ओघळते, पाच क्रियापदं म्हणून पाच कार्डं, आणि इंग्रजीत पाचही ठिकाणी साधं रन, म्हणजे पातळ पदार्थ वाहिला, एवढंच. मी इंग्रजीचे अर्थ मोजतच नव्हतो, मराठीचे मोजत होतो! नऊ आठवडे!!

बरं, हे वाहणं काही नंतर चिकटलेलं नाहीये. मी पहिल्यापासून धरून चाललो होतो की आधी माणूस धावला आणि मग नाक धावलं, पण रनचं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘रिनान’ पाण्यालाही चालायचं, आणि जर्मनमध्ये आजही ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, ओघळणं, धावायला वेगळं ‘रेनेन’. त्याच जुन्या इंग्रजीत ‘इर्नान’ असंही रूप सापडतं, र आणि स्वराची अदलाबदल झालेली, आपल्याकडे नुकसानचं नुस्कान होतं ना तसंच. ‘बर्ड’सुद्धा मुळात ‘ब्रिड’ होता. हे वाचल्यावर मी अर्धा तास नुसता नुस्कान, नुस्कान म्हणत फिरत होतो.

उलटी चूक ‘चालणे’च्या कार्डात. इंग्रज धावतो तिथे आपण चालतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल: दुकान चालतं, घड्याळ चालतं, बस चालते, पिक्चर तीन आठवडे चालतो, आणि इट रन्स इन द फॅमिली म्हणजे आमच्या घराण्यात चालत आलंय. मराठीत एकच म्हणून मी सगळं एका कार्डावर कोंबलं होतं, पण कंपनी रन करणारा माणूस आणि तीन आठवडे रन झालेला पिक्चर यांचा एकमेकांशी काय संबंध, एकात कोणीतरी चालवतंय, दुसऱ्यात नुसता काळ सरतोय. ते कार्ड फोडलं. एकूण 40 कार्डं एकमेकांत गेली, 11 नवीन आली.

सगळ्यात मजा मात्र एका अडलेल्या कार्डाने आणली. द रोड रन्स अलाँग द रिव्हर. रस्ता जागचा हलत नाही, मग धावतो कसा? हे कार्ड पाचव्या आठवड्यापासून कुठेच बसत नव्हतं. परवा किचनच्या कामाला सुतार आला, टेप लावली आणि म्हणाला, ‘साहेब, रेट रनिंग फुटाचा राहील.’ अहो तेच! लांबीला सरळ पसरत गेलेलं, रुंदी मोजायची नाही. रस्ता, भिंत, कुंपण, पाइप, ओटा, सगळं एका कार्डात. सुताराला सांगितलं तर तो म्हणाला बरं, पण ॲडव्हान्स आज द्या.

रेल्वेतल्या मामाकडूनही एक मिळालं. गार्ड होते, भुसावळला त्यांचा मुक्काम ‘रनिंग रूम’मध्ये असायचा. गाडीवर जाणारा तो रनिंग स्टाफ आणि त्याची विश्रांतीची जागा ती रनिंग रूम, म्हणजे जिथे लोक घोरत पडतात तिला रनिंग म्हणतात. हे मी गाडी धावण्याच्या कार्डावरच लिहिलंय, वेगळं नाही काढलं, कुणाचं मत वेगळं असेल तर भांडायला तयार आहे.

निवडणुकीचं कार्ड सोपं गेलं. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड करतो, आणि आपलाही उभाच राहतो.

अजून अनाथ: अंगात ताप असतो ते रनिंग अ टेंपरेचर. वाहणं नाही, चालवणं नाही, लांबी तर नाहीच. दोनदा ‘चालवणे’त टाकून दोनदा बाहेर काढलं. कुणाला सुचलं तर सांगा.

आउट, इंटू, ओव्हर, अप अशी शेपटी लागलेली सगळी बाजूला ठेवलीयेत. त्यातलं रन आउट एकदाच उघडलं आणि लगेच मिटलं, कारण दूध संपलं तेही रन आउट आणि 1947ला सिडनीत आपले बॉलर विनू मंकडनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला बॉल टाकायच्या आधीच क्रीजबाहेर पकडलं तेही रन आउट. आपल्याकडे एक संपलं, दुसरा धावबाद, विषय मिटला. शेपटीवाल्यांना दुसरा डबा लागणार आणि दिवाळी अजून लांब आहे.