मीटरचा एक ब्लिंक आणि शाळेचा जिना

वीज हा विषय शाळेत शिकवताना आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो, असं माझं आता ठाम मत झालंय. आधी व्याख्या, मग सूत्र, मग एककं, मग गणितं, आणि शेवटी वेळ उरला तर बॅटरी आणि बल्ब. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ आणि ‘धाराविद्युत’ हे धडे लागोपाठ आहेत, पोरं दोन्हीची गणितं धडाधड सोडवतात, पण एक ज्यूल म्हणजे साधारण किती रे, हातात घेऊन दाखव म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. आणि घरी जे बिल येतं त्यावरचं युनिट आणि वहीतला ज्यूल ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत हे तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. बिल हा बाबांचा विषय, ज्यूल हा परीक्षेचा.

मी शनिवारी चिपळूणकडच्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीच्या पोरांबरोबर प्रयोग करायला जाते. तिथे करून करून एक गोष्ट सापडलीये जी मला सगळ्या मास्तर लोकांना, पालकांना, ज्याला ज्याला लहान मुलांशी बोलायची संधी मिळते त्या सगळ्यांना सांगाविशी वाटते म्हणून हे लिहितेय.

तुमच्या घरचा इलेक्ट्रॉनिक मीटर बघा. त्यावर एक छोटा लाल एलईडी मधूनमधून ब्लिंक होत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात ३२०० इम्प पर केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर आणखी वेगळा आकडा. त्याचा अर्थ सरळ आहे, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळालं. आता एक युनिट म्हणजे १००० वॅटचं काहीतरी एक तास चालवणं, तासाचे सेकंद ३६००, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागा. ११२५ ज्यूल. एक ब्लिंक म्हणजे ११२५ ज्यूल, बास.

हा आकडा फळ्यावर लिहिला आणि आम्ही सगळे जिन्याकडे गेलो. शाळेच्या जिन्याची एक पायरी पट्टीने मोजली तर १५ सेंटीमीटर भरली, पायऱ्या २०, म्हणजे वरचा मजला बरोबर ३ मीटरवर. वजनकाटा आणला, आठवीतल्या एका मुलीचं वजन भरलं ३८ किलो. ३८ गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले ३, किती? १११७ ज्यूल. पोरांनी दोनदा गुणाकार करून बघितला. म्हणजे ती मुलगी एकदा खालून वर गेली की तिने स्वतःला उचलायला जवळजवळ मीटरच्या एका ब्लिंकएवढं काम केलं!

मग काय, सगळ्यांना जिना चढायचाच होता. ब्लिंक-ब्लिंक ओरडत वर-खाली. स्टॉपवॉच लावलं, कोण किती सेकंदांत चढतो ते लिहिलं, ज्यूल भागिले सेकंद केलं की वॅट आले. पाच सेकंदांत वर पोचणारी ३८ किलोची मुलगी सव्वादोनशे वॅटची होते, म्हणजे तीन जुने सीलिंग पंखे चालतील एवढी, पण किती वेळ? तेवढेच पाच सेकंद. दहा वेळा सलग चढायला सांगितलं तर पाचव्या-सहाव्या वेळेलाच वॅट घसरतात आणि पोरं भिंतीला टेकून धापा टाकायला लागतात. पॉवर आणि एनर्जी यातला फरक मी या आधी किती वेगवेगळ्या प्रकारे समजावला असेल, पण धाप लागलेल्या पोराला तो जसा कळतो तसा कुठल्याही आकृतीने कळत नाही. (एक हुशार पोरगा म्हणाला, ताई उतरताना वीज परत मिळते का. आपल्याला नाही मिळत, गुडघ्यांत आणि पायरीवरच्या धपधप आवाजात जाते, पण इलेक्ट्रिक गाडी घाट उतरताना थोडी बॅटरीत परत भरून घेते. हे ऐकून तो फार खूश झाला.)

घरचा अभ्यास असा दिला की घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा, मग एकच वस्तू चालू करायची आणि दोन ब्लिंकमधले सेकंद मोजायचे. ३२०० वाला मीटर असेल तर ११२५ भागिले सेकंद, झाले वॅट. एक अट मात्र अगदी कडक, मीटरला हात लावायचा नाही, पेटी उघडायची नाही, बोर्डात काही खुपसायचं नाही, लांबून नुसतं बघायचं, आणि घरात मोठं माणूस असतानाच. वर्गातले सगळे प्रयोग आम्ही पेन्सिल सेलवर करतो, घरच्या विजेला शिवतसुद्धा नाही, हे मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगते आणि शेवटी पुन्हा सांगते.

पुढच्या शनिवारी जे कागद आले ते बघण्यासारखे होते. ९ वॅटचा एलईडी बल्ब, दोन ब्लिंकमध्ये दोन मिनिटांहून जास्त, एकाला वाटलं मीटरच बंद पडला. जुना पंखा १५ सेकंद. इस्त्री तापताना सेकंदाला जवळपास एक. पाण्याचा गिझर सेकंदाला जवळपास दोन, म्हणजे मोजताच येईना, मग त्या घरच्या पोराने दहा ब्लिंकला किती वेळ लागला ते मोजून भागाकार केला, हे मी सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं आणि मला त्याचं जे कौतुक वाटलं ते विचारू नका. आता हे सगळं जिन्यात मांडा. एलईडी बल्ब चालवायचा तर एका पोराने दोन मिनिटांत एकदा सावकाश वर जायचं. गिझर चालवायचा तर दर सेकंदाला दोन पोरं खालून वर पोचलेली पाहिजेत, सतत, पाणी तापेपर्यंत. वर्गात एकदम शांतता आणि मग एकजण म्हणाली, आमच्याकडे बंब आहे तेच बरंय.

एका मुलीच्या घरी पंख्याला अजून तो जुना डबा रेग्युलेटर आहे, आणि दुसरीकडे नवा इलेक्ट्रॉनिक. दोघींनी पंखा पाचवर आणि एकवर असा मोजला. नव्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला की ब्लिंकमधलं अंतर चांगलंच वाढलं, जुन्यावर वाढलं पण त्या मानाने कमी, आणि डब्याला वरून हात लावला तर तो गरम. न वाचलेली वीज गेली कुठे ते त्या गरम डब्याने सांगून टाकलं. हे मी भाषण करून सांगितलं असतं तर पाच मिनिटांत विसरल्या असत्या.

आता थोडं लिंबाविषयी, कारण विज्ञान प्रदर्शन आलं की दर वर्षी चार लिंबं आणि एक लाल एलईडी टेबलावर असतातच. प्रयोग चांगला आहे, माझा त्याला विरोध नाही, पण तो अर्ध्यावर सोडला तर पोरं ‘लिंबात वीज असते’ हे शिकून घरी जातात. म्हणून आम्ही पुढची पायरी करतोच करतो. एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा, एका लिंबाला मल्टिमीटर लावला की साधारण ०.९ व्होल्ट दिसतात, चार लिंबं एकापुढे एक जोडली की एलईडी मिणमिणतो. मग खिळे काढून दोन्हीकडे तांब्याच्याच तारा खुपसायच्या. लिंबू तेच, रस तोच, आणि मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य. मग लिंबाऐवजी बटाटा, व्हिनेगर, मिठाचं पाणी, पण तांबं-जस्त परत लावायचं, आणि व्होल्ट परत हजर. इथे पोरं स्वतःच म्हणतात की मग काम तर जस्त करतंय. बरोबर, जस्त झिजतं, विरघळतं, ऊर्जा त्यातून येते, लिंबाचा रस नुसता मधला रस्ता. हे कळलं की टॉर्चचा सेल संपतो म्हणजे काय होतं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

मोटरचं पण असंच. रोबोटिक्स किटमध्ये ती पिवळी गिअर मोटर येते बघा, चाक लावायची, ती जवळजवळ प्रत्येक शाळेच्या कपाटात कुठेतरी पडलेली असते. तिला सेल जोडला की फिरते हे सगळ्यांना माहीत असतं. आम्ही उलटं करतो, चाक हाताने जोरात फिरवायचं आणि वायरींना एलईडी. पेटतो! एका दिशेने फिरवलं तर पेटतो, उलट फिरवलं तर नाही, त्यावरच अर्धा तास जातो. १८३१ साली फॅराडेने तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक घेऊन जे दाखवलं तेच त्या पिवळ्या डब्यात बसलंय हे सांगायची हीच वेळ. पण खरी मजा त्याच्या पुढे आहे. वायरी मोकळ्या ठेवून चाक फिरवा, मग दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून फिरवा. चाक एकदम जड होतं. गिअरमध्ये कुणीतरी बोट घातल्यासारखं. प्रत्येक पोराने हे स्वतःच्या हाताने करायचंच असा माझा नियम आहे, कारण विजेचं ओझं फिरवणाऱ्यावर येतं ही गोष्ट त्या बोटांना कळते आणि कायमची कळते. एलईडी लावून हा फरक नीट जाणवत नाही, तो करंट फारच कमी घेतो, जुना टॉर्चचा फिलामेंटवाला बल्ब लावा, मग जाणवतो.

कोयना प्रकल्पाचं पॉवर हाऊस जिथे आहे ते पोफळी आमच्या इथून जवळच, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, त्यामुळे कोयनेचा विषय निघणारच. वरच्या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून इकडे कोकणात येतं आणि साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडून डोंगराच्या आतल्या पॉवर हाऊसमध्ये टर्बाइन फिरवतं, पुढे कोळकेवाडीचं धरण, वाशिष्ठी नदी, समुद्र. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं पॉवर हाऊस मिळून १९६० मेगावॅट. हा आकडा पोरांना तोंडपाठ असतो पण त्यातून हाताला काही लागत नाही. म्हणून गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी घेतली. हजार किलो पाणी ४५० मीटर खाली आलं तर ४४ लाख ज्यूल, म्हणजे सव्वा युनिटच्या थोडं खाली, वाटेतली गळती धरली तर घरी पोचेपर्यंत साधारण एक युनिट. एक अख्खी टाकी घाट उतरली की एक युनिट. तीच टाकी शाळेच्या सहा मीटर उंच गच्चीवरून खाली सोडली तर ५८,८०० ज्यूल, म्हणजे मीटरचे ५२ ब्लिंक, गिझर अर्धा मिनिटही चालणार नाही. धरण डोंगराच्या माथ्यावर आणि पॉवर हाऊस पायथ्याला का, याचं उत्तर मग कुणाला द्यावं लागत नाही.

हे सगळं पाबळच्या विज्ञान आश्रमातून माझ्या डोक्यात शिरलेलं आहे हेही सांगितलं पाहिजे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात तो सुरू केला, हाताने काम करता करता शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं, ही तिथली रीत. थर्माकोलचं धरण आणि निळ्या रंगाचं पाणी बनवून प्रदर्शनात ठेवण्यात पोरांचा (म्हणजे बहुतेक वेळा आयांचा) जो आठवडा जातो ना, तो बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याच आठवड्यात ती पोरं फिरणारं काहीतरी बनवू शकतात.

आमच्याकडे सध्या तेच चालू आहे. नळाखाली फिरणारं चाक. गच्चीच्या टाकीतून चार मीटर खाली नळ, सेकंदाला पाव लिटर पाणी, म्हणजे त्या धारेत जास्तीत जास्त १० वॅटच्या आसपास आहेत हे पोरांनी आधीच काढून ठेवलंय, आणि त्यांच्या चाकातून येतात अर्धा वॅटही नाही. बाकीचे कुठे गेले ते शोधणं हाच आता प्रोजेक्ट. एका गटाने पीव्हीसी पाइप उभा चिरून पाती केली, दुसऱ्याने सपाट प्लॅस्टिक पट्ट्या, तिसऱ्याने जुने प्लॅस्टिकचे चमचे. सपाट पट्टीवर पाणी आपटतं आणि चारी बाजूंना उडतं, चमच्यात पाणी शिरतं आणि वळून मागे येतं, धक्का जास्त बसतो, त्यामुळे चमचेवाले पुढे आहेत. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांतली टर्बाइनं पेल्टन प्रकारची, त्यांच्या चाकाला असे वाटीसारखेच बकेट असतात, मधोमध धार दुभंगणारी कड. हे चित्र दाखवल्यावर चमचेवाल्यांनी दोन-दोन चमचे जोडून मधे कड तयार करायला घेतलीये आणि पीव्हीसीवाले म्हणतायत आम्ही नळाच्या तोंडाला बारीक नोझल लावून धार जोरात करणार. दोन्ही गटांचं बरोबर आहे.

कुणाला करायचं असेल तर सामान फार लागत नाही. पिवळी गिअर मोटर, लाल एलईडी, फिलामेंटवाला टॉर्चचा बल्ब, एक स्वस्तातला मल्टिमीटर, पट्टी, वजनकाटा. तांब्याची वाइंडिंगची वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तुकडे पडलेले असतात, शाळेसाठी हवीये म्हटलं की बहुतेक जण तशीच देतात, फक्त तिच्यावरचं वार्निश टोकाला ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने नीट खरवडा, नाहीतर अर्धा वर्ग ‘ताई पेटत नाही’ म्हणून तुमच्या मागे लागेल. आणि तुमच्या मीटरवर ३२०० सोडून दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला त्याने भागा, मग तुमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजा.