रॅम्प निवडायला बसलेली आई

आईला घेऊन सहलीला निघालो होतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला, न्यू रिव्हर गॉर्ज या दरीवरचा ८७६ फूट उंच पूल पाहिला, फोटो काढले, वाऱ्याने कुडकुडून गाडीत परत येऊन बसलो. पहिल्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं एवढंच. मला लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, आणि त्यातही दुपारच्या तीन तासांबद्दल.

आई भारतातून येऊन तीन आठवडे झाले होते. घरात बसून तिला कंटाळा आला होता. "सगळं बघून झालं गं, आता मला काहीतरी काम दे," असं रोज म्हणायची. एप्रिलचा मध्य होता आणि आमच्या वेस्ट व्हर्जिनियात एप्रिल म्हणजे रॅम्पचे दिवस. रॅम्प हा इथल्या डोंगरातला रानकांदा. कांदा, लसूण आणि ओली माती एकत्र वाटल्यासारखा वास. रुंद, मऊ, हिरवी पानं, देठाला जांभळट लाली आणि खाली पातीच्या कांद्यासारखा पांढरा कंद. झाडांना पालवी फुटायच्या आत, जमिनीपर्यंत ऊन पोचतं तेवढ्याच चार-सहा आठवड्यांत हा वर येतो. वर पानांची सावली दाटली की खाली याची पानं पिवळी पडून जिरून जातात. शिकागो शहराचं नावही याच कुळातल्या रानकांद्याच्या मूळनिवासी नावावरून आलंय, हे मला इथे राहून दहा वर्षं झाल्यावर कळलं.

आमच्या मॉर्गनटाउनहून दक्षिणेला अडीच-तीन तासांवर रिचवुड आहे. ते स्वतःला रॅम्पची राजधानी म्हणवतं आणि दर वसंतात तिथे रॅम्पची मोठी जेवणावळ होते. मला गर्दी सोसत नाही आणि आईचे गुडघे रांगेत उभं राहू देत नाहीत, म्हणून आम्ही त्याच भागातल्या एका लहान गावात उतरलो. तिथेही शनिवारी जेवण होतं, गावकऱ्यांनीच चालवलेल्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. बंबाचा वर्षाचा खर्च त्यातून निघतो.

शुक्रवारी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालक आजोबांनी आम्हाला मागच्या डोंगरात नेलं. उत्तरेचा उतार, मेपल आणि बीचची उघडी झाडं, गुडघाभर कुजका पाला आणि त्यातून हिरव्या रंगाचे पट्टेच्या पट्टे. आई वाकली, एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि म्हणाली, "फोडशीसारखी येते बघ ही. पहिल्या पावसात, अशीच भसाभस." तिचं लहानपण मुरबाडच्या बाजूला गेलं. फोडशी, कुर्डू, टाकळा, शेवळं ही तिची जूनची बाजारयादी. रानातली भाजी ओळखावी लागते हे तिला कोणी शिकवायला नको. शेवळात काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मला मात्र शिकवावं लागलं. याच उतारावर फॉल्स हेलेबोर नावाची विषारी वनस्पती येते, तिच्या पानांना चुण्या असतात. लिली ऑफ द व्हॅलीची पानंही रॅम्पसारखीच दिसतात, तीही विषारी. वास घेऊन ओळखा असं सगळे सांगतात. पण दहा रॅम्प तोडल्यावर हातालाच इतका वास लागतो की पुढचं कुठलंही पान रॅम्पसारखंच वाटतं. मी एक चुणीदार पान पिशवीत टाकलं होतं. आजोबांनी ते निमूटपणे काढून फेकलं. तेव्हापासून माहीतगार माणूस सोबत नसताना मी एकही पान तोडलेलं नाही.

दुपारी आजोबा म्हणाले, "हॉलमध्ये साफ करायला माणसं कमी आहेत, येता का?"

हॉलमध्ये लांबलचक टेबलं, त्यावर वर्तमानपत्रं, आणि त्यावर मातीने भरलेल्या रॅम्पचे ढीग. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, चारदोन पुरुषही. आईने दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाली, "अगं, या भाजी निवडायला बसल्यात!" आणि मी काही बोलायच्या आत स्वेटरच्या बाह्या वर सारून ती एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

तिला इंग्रजी येत नाही. 'थँक्यू' आणि 'नो मीट' एवढं येतं. शेजारच्या निळ्या ॲप्रनवाल्या आजींनी तिच्याकडे पाहिलं, एक रॅम्प उचलला आणि करून दाखवलं. मुळं चाकूने कापायची. कंदावरचा बुळबुळीत पापुद्रा अंगठ्याने खाली ओढायचा, मातीसकट निघून येतो. पिवळी पानं बाजूला. मग थंड पाण्याच्या टबात. आईने दोन चाकूने केले, तिसऱ्यापासून चाकू ठेवून दिला आणि नखानेच मुळं खुडायला लागली. आजींनी थांबून पाहिलं, हसल्या आणि आणखी एक जुडी तिच्यासमोर सरकवली.

तीन तास त्या दोघी बोलत होत्या. एक मराठीत, एक इंग्रजीत. सुरुवातीला मी भाषांतर करत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाहीये. आई पाठीला हात लावून दाखवायची, आजी गुडघा दाखवायच्या. आईने चार बोटं दाखवून हात जमिनीपासून वर वर नेला, तर आजींनी तीन बोटं दाखवली. माझ्या घरी तीन आठवड्यांत आई इतकं बोलली नव्हती. मी तिला मॉल दाखवले, धबधबे दाखवले, आणि तिला हवी होती एक भाजीची जुडी आणि समोर एक बाई. हे मला सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

टेबलावर गप्पा चालल्याच होत्या. हिवाळाभर सुका घेवडा, बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस खाऊन काढायचे त्या काळात ही वर्षाची पहिली हिरवी भाजी, रक्त साफ करणारी. रॅम्प खाऊन आलेल्या मुलांना वासामुळे शाळेतून घरी पाठवत. रिचवुडच्या वर्तमानपत्राचे संपादक जिम कॉमस्टॉक यांनी एकदा छपाईच्या शाईतच रॅम्पचा अर्क मिसळून अंक काढला आणि टपालखात्याची तंबी ओढवून घेतली, हा किस्सा तर तिघांनी तीन वेळा सांगितला.

शनिवारचं जेवण: रॅम्प घालून परतलेले बटाटे, तपकिरी घेवडा, हॅम, मक्याचा पाव. पंधरा डॉलरला ताट. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. बटाटे बेकनच्या चरबीत परतलेले, घेवड्यातही मांस. मला हे आधी माहीत होतं आणि तिच्यासाठी मी डबा घेतला होता, पण इतकं निवडून, धुऊन डब्यातली पोळी खायची म्हणजे तिला कसं वाटेल या विचाराने मी कानकोंडी झाले होते.

निळ्या ॲप्रनवाल्या आजींनी रांगेत आम्हाला पाहिलं. मी आदल्या दिवशी ओझरतं सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्या आम्हाला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे चुलीवर मोठमोठे काळे लोखंडी तवे होते. त्यांतला एक मी पुढे केला तर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "नाही हनी, यात चाळीस वर्षांची चरबी मुरलीय. तिला चालणार नाही." आणि पिशवीतून एक कोरं, लेबलही न काढलेलं पॅन काढलं. सकाळी विकत आणलं होतं. मक्याच्या तेलात बटाट्याच्या चकत्या, मीठ, मिरी, शेवटी मूठभर चिरलेले रॅम्प. पानं तेलात पडताच आक्रसली, गडद झाली आणि तो वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला.

आईने उभ्यानेच खाल्लं. भाषेचा प्रश्न आला तेव्हा तिने आजींचा हात धरून कपाळाला लावला.

एक गोष्ट मात्र टोचत राहते. रॅम्पला बीपासून फुलावर यायला पाच ते सात वर्षं लागतात. मुळासकट उपटला की तेवढी वर्षं गेली. आजोबांनी आम्हाला एका झाडाचं एकच पान तोडायला लावलं. गावातले लोक जेवणासाठी कंद खणतात, पण एका जागी दर वर्षी जात नाहीत. शहरातल्या एका महागड्या बाजारात मात्र मी कंदासकट बांधलेल्या जुड्यांचे डोंगर पाहिलेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९९५ पासून विक्रीला बंदी आहे, घरच्यापुरते माणशी वर्षाला ५० कंद खणता येतात. मला हे योग्यच वाटतं. आई म्हणते, शेवळंही आता पूर्वीसारखी कुठे मिळतात.

निघताना आजींनी एका प्लास्टिकच्या डब्यात धुतलेली पानं भरून दिली. घरी आल्यावर आईने त्यांची पीठ पेरून भाजी केली: तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, वर चिरलेली पानं, ती बसली की बेसन भुरभुरून एक वाफ. लसूण घालायला गेले तर तिने हात धरला. "तीच लसूण आहे."

डबा रिकामा झाला आणि आईचा घोर सुरू झाला. भांडं रिकामं परत करायचं नाही. तिने रव्याचे लाडू वळले, डब्यात बसतील तेवढे, अकरा. पोस्टात गेल्यावर लक्षात आलं, तीन तास शेजारी बसूनही आम्ही आजींचं नाव विचारलंच नव्हतं. मी पत्त्यावर गावाचं नाव घातलं, फायर स्टेशन लिहिलं, आणि वर 'निळ्या ॲप्रनवाल्या, जिने नवं पॅन आणलं' असं इंग्रजीत.

दहाव्या दिवशी तोच डबा परत आला. आत मक्याचं पीठ होतं आणि कागदावर हाताने लिहिलेली पाव करायची कृती, त्यात 'बेकनची चरबी' खोडून वर 'बटर' लिहिलेलं.